सकपाळबाईंचा कंटाळा

परवा ऑफिसात शेजारच्या टेबलावरची मुलगी जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवत होती. नवीन लागलेली, गुणी पोर आहे. दुपारी तीनच्या सुमारास तिने मान मागे टाकली आणि म्हणाली, "ताई, किती कंटाळवाणं काम आहे हो हे!" मी उठले आणि बाहेर नळावर जाऊन तोंड धुतलं. परत आले तेव्हा ती घाबरून बसली होती. तिला वाटलं, मी रागावले. तिला काय सांगणार? तो शब्द माझ्यासाठी एका माणसाचा आहे आणि ते माणूस जाऊन सात महिने झालेत.

सकपाळबाई आम्हाला आठवी ते दहावी मराठी शिकवायच्या. आमची शाळा कापड्याच्या बाजूला, पोलादपूर तालुक्यात. वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील मुंबईला, माझेही. घरी आई, आजी आणि भाताची चार खाचरं. बाई राहायच्या बिरवाडीला, कारखान्यातल्या कामगारांच्या चाळीत, कारण त्यांचे यजमान तिथल्या एका कारखान्यात फिटर होते. म्हणजे रोज बिरवाडी ते महाड, महाड ते पोलादपूर आणि पोलादपूरहून आमची एसटी. तीन गाड्या जायला, तीन यायला. अठरा वर्षं.

ठेंगणी, भरलेल्या अंगाची बाई. सुती साडी, एका बाजूने झिजलेल्या चपला आणि अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. वह्या त्या पेन्सिलीनेच तपासायच्या. मधल्या सुट्टीत डबा दोन मिनिटांत संपवायच्या, मग भिंतीला टेकून म्हणायच्या, "मला सात मिनिटं द्या," आणि खरोखर झोपायच्या. आठव्या मिनिटाला कुणी न उठवता जाग्या. आम्ही मुली खिडकीतून घड्याळ लावून बघायचो. एकदा नऊ मिनिटं झाली तर आमच्यातली एक रडायलाच लागली.

एरवी बाई अगदी स्वच्छ, पुस्तकी मराठी बोलायच्या. पण त्या मूळच्या पाचाडकडच्या एका वाडीतल्या. रागावल्या की ती वाडी तोंडात यायची. "काय गो, डोलं फुटलं काय तुझं? वेलांटी कुठं हाय?" आम्हाला तेव्हा भीती वाटण्याऐवजी बरं वाटायचं. आपल्या घरातलंच कुणीतरी ओरडल्यासारखं.

बाईंचं सगळ्या शब्दांवर प्रेम होतं, पण एका शब्दावर पहारा होता. तो म्हणजे 'कंटाळवाणं'. आठवीत मी निबंध लिहिला होता, 'आमची शेती'. गाइडमधल्या निबंधासारखा व्हावा म्हणून त्यात टाकलं, "भातलावणीचे काम अतिशय कंटाळवाणे असते." वही परत आली तेव्हा त्या शब्दाभोवती पेन्सिलीचा गोल होता आणि बाजूला एक प्रश्न होता. कुणाला?

मी टेबलापाशी जाऊन म्हटलं, "बाई, मला."

"तू लावतेस?"

"नाय. मी बांधावर भाकरी नेते."

"मग भाकरी नेण्याबद्दल लिही. नाहीतर लावणाऱ्याला विचारून ये."

घरी जाऊन आईला विचारलं. ती चुलीपुढे बसली होती. म्हणाली, "लावनीत कंटाळा? कंबर मोडते गो, हात सोलतात. पन आठ-दहा बायका असतो, एकमेकींच्या नवऱ्यांची टिंगल करतो, दिवस कधी जातो कळत नाय. कंटाळा वांदरं राखायचा. माळावर नाचनीला दिवसभर नुसतं बसायचं, हातात गोफन, वांदर पन नाय आन् मानूस पन नाय. त्यो खरा कंटाळा." मी ते जसंच्या तसं लिहून नेलं. बाईंनी खाली लिहिलं, "आता तुझ्या आईचा आवाज ऐकू आला." माझ्या आईला सही करता येत नव्हती. तिचा आवाज कुणाच्या वहीत ऐकू येईल, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

एवढ्यावर बाई थांबल्या नाहीत. पुढच्या रविवारी त्या लावणीला आमच्या शेतात हजर झाल्या. डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. लावणी मागे मागे सरकत करायची असते. बाई उत्साहाने पुढे पुढे निघाल्या आणि स्वतःच लावलेली रोपं पायांनी चिखलात गाडत गेल्या. सगळ्या बायका हसून हसून बांधावर बसल्या. आई ओरडली, "ओ बाईनू, मागं सरका! सालेत पोरांना पुढं ढकलताव, हितं मागं चालायचं!" बाई चिखलात उभ्या राहून इतक्या हसल्या की अंबाड्यातली पेन्सिल चिखलात पडली. ती काही सापडली नाही.

सोमवारी त्यांना खुर्चीत बसता येत नव्हतं. उभ्यानेच फळ्यावर लिहिलं: 'लावणी: दमवणारी. स्वतः पाहिले आहे.' आणि मग तो तास त्यांनी नुसता शब्दांवर घेतला. अंगाला जे जड जातं ते दमवणारं. डोक्याला गुंता करतं ते किचकट. ज्यात चूक झाली तर दुसऱ्याचं नुकसान होईल, म्हणून जीव टांगलेला राहतो, ते जिकिरीचं. कानांना नको होतं ते रटाळ. "आणि कंटाळवाणं?" कुणीतरी विचारलं. बाई म्हणाल्या, "तो शब्द मी तुम्हाला असाच देणार नाही. तो मिळवायचा. एखादं काम पहिल्यापासून शेवटपर्यंत करा, मग येऊन म्हणा की ते कंटाळवाणं आहे. मी ऐकून घेईन. अर्धवट सोडून जो म्हणतो, त्याने शब्द चोरला."

आम्ही मुलं काही कमी नव्हतो. कुणी 'कंटाळा' म्हटलं की बाई वीस मिनिटं त्यावर बोलतात, हे लक्षात आल्यावर व्याकरणाच्या तासाला हमखास कुणीतरी जांभई देऊन तो शब्द उच्चारायचं. महिनाभर चाललं. एक दिवस घंटा झाल्यावर बाई पुस्तक मिटत म्हणाल्या, "आज पण समास टाळलात. उद्या जरा वेगळ्या मुलाला म्हणायला सांगा. तोच तोच म्हणतो, मलाच कंटाळा येतो."

त्याच वर्षीच्या पंधरा ऑगस्टला जे झालं ते अजून आमच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी फिरतं. प्रमुख पाहुणे सव्वा तास बोलले. पोरं उन्हात उभी, दोन चक्कर येऊन पडली. आभाराला माझी मैत्रीण रेश्मा होती. शब्दांचा तो तास तिच्या अंगात पुरता भिनला होता. माइकपाशी जाऊन, हात जोडून, ती खणखणीत आवाजात म्हणाली, "प्रमुख पाहुण्यांनी वेळात वेळ काढून रटाळ परंतु मार्गदर्शनपर भाषण केले, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे." हेडमास्तरांचा चेहरा पांढरा झाला. पाहुण्यांनी नीट ऐकलं नव्हतं, ते मान हलवत हसले. नंतर ऑफिसात रेश्माची आणि बाईंची हजेरी झाली. बाई म्हणाल्या, "सर, शब्द अचूक वापरलाय. जागा चुकली. जागेचा तास अजून व्हायचा होता, तो मी घेते." रेश्मा आज पनवेलला शिक्षिका आहे.

बारावीनंतर माझं लग्न ठरवायचं घरात चाललं होतं. आमच्या वाडीत तोवर मुलगी काय, मुलगासुद्धा पदवीधर नव्हता. एका संध्याकाळी बाई आमच्या अंगणात आल्या, महाडच्या कॉलेजचा फॉर्म घेऊन. आई म्हणाली, "बाई, शिकून काय करील ती?" बाईंनी चहा फुंकत सांगितलं, "कंटाळेल. आणि सोडेल. मग लावा लग्न. तुमचं काय जातंय?" आई हसली. वडिलांना, आमच्या दादांना, मुंबईला फोन बाईंनीच लावला आणि त्यांनाही हेच सांगितलं. मी अर्थातच सोडलं नाही. बाईंना ते माहीत होतं. आईलाही माहीत असावं, असं मला आता वाटतं.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना महाडला मोठा पूर आला. महाडकरांना पुराचं नवल नाही, पण त्या वेळी बाजारपेठेत माणसं माळ्यावर चढून बसली होती. पाणी ओसरलं तेव्हा एका लहानशा वाचनालयाची पुस्तकं चिखलाच्या विटा होऊन रस्त्यावर पडली होती. कचऱ्याची गाडी यायची होती. बाई तिथे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ही माझ्याकडे द्या." पोत्यांत भरून टेम्पोने त्यांनी ती बिरवाडीला नेली. यजमान आदल्याच वर्षी हृदयविकाराने गेले होते, मुलगी वैशाली डोंबिवलीला नोकरीला. दोन खोल्यांत एकट्या बाई आणि दोनशे सोळा ओली पुस्तकं. मी मदतीला राहिले.

कामाची रीत बाईंनी फोनवरून कुणाला तरी विचारून घेतली होती. पुस्तक बंद धरून बादलीतल्या स्वच्छ पाण्यात बुडवायचं, चिखल सुटू द्यायचा. तळव्याने दाबून पाणी काढायचं. उभं करून ठेवायचं. अर्धवट वाळलं की दर दहा पानांत रद्दीचा कागद घालायचा आणि दोन तासांनी तो बदलायचा. घाई केली तर पान हातात येतं. पंख्याखाली, दोरीवर, पलंगावर, गॅसच्या ओट्यावर पुस्तकं. आम्ही जमिनीवर झोपायचो आणि आळीपाळीने उठून कागद बदलायचो. तीन आठवड्यांनी मी हातातला कागद खाली टाकला आणि म्हटलं, "बाई, आता खरंच कंटाळा आला."

"किती राहिलीत?"

"चाळीस."

"मग अजून नाही. चाळीस झाली की म्हण. मी पण म्हणेन तुझ्याबरोबर."

शेवटचं पुस्तक कोकणातल्या औषधी वनस्पतींचं होतं. ते वाळून दोरीवरून खाली आलं तेव्हा दुपार होती. बाईंनी पदर खोचला, मला हाताला धरून दाराबाहेरच्या ओट्यावर नेलं आणि म्हणाल्या, "एक, दोन, तीन." आम्ही दोघी चाळ हादरेल अशा ओरडलो, "कंटाळवाणं!" रात्रपाळी करून झोपलेला शेजारचा बिहारी कामगार लुंगी सावरत बाहेर धावला. "मॅडमजी, क्या हुआ? चोर है?"

"कुछ नहीं हुआ भैया. काम खतम हुआ."

त्याने आमच्या दोघींच्या तोंडाकडे पाहिलं. "खतम हुआ तो फिर रोती काहे को हैं?"

तेव्हा मला कळलं की आम्ही दोघी रडत होतो. इतकं सुख मला त्याआधी कशात झालं नव्हतं.

पुढे मी पदवीधर झाले, परीक्षा दिली, महाडला नोकरीला लागले. बाई निवृत्त झाल्या. वैशाली डोंबिवलीला बोलवायची, पण बिरवाडीची खोली त्यांनी सोडली नाही. मग साखरेने त्यांची किडनी घेतली. आठवड्यातून तीन दिवस, सोमवार, बुधवार आणि शनिवार, महाडला डायलिसिस. डाव्या हाताची शीर ऑपरेशन करून जाड केलेली, त्यात दोन सुया, चार तास मशीनला जोडून पडून राहायचं. पाणी दिवसाला मोजून. इक्बालभाईंची रिक्षा कायमची ठरवली होती. शनिवारी मला सुट्टी असली की मी सोबत जायची.

पहिलं वर्षभर बाईंनी तिथेही शाळा भरवली. सुया टोचणाऱ्या मुलीचं नाव, गाव, आईचं नाव त्यांना पाठ. भिंतीवरच्या सूचनेत 'चपला बाहेर काढाव्यात' मधलं 'काढाव्यात' चुकलं होतं, ते पेन्सिलीने दुरुस्त केलं. दुसऱ्या वर्षी पेन्सिल घरी राहायला लागली. पायात गोळे यायचे. मध्येच रक्तदाब पडायचा आणि त्यांचा चेहरा मेणासारखा व्हायचा. घरी आल्यावर संध्याकाळपर्यंत नुसत्या पडून. दुसऱ्या दिवशी जरा बरं वाटायचं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा रिक्षा. एकदा शेजारच्या खाटेवरचा तरुण पोरगा छताकडे बघत म्हणाला, "काय कंटाळवाणं आहे यार हे." मी बाईंकडे बघितलं, आता याची शिकवणी होणार म्हणून. बाई त्याला म्हणाल्या, "म्हण बाळा. तू म्हण." मला तेव्हाच समजायला हवं होतं.

तिसऱ्या वर्षातल्या एका शनिवारी आम्ही परत येत होतो. रिक्षात बाईंचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. एमआयडीसीचा तो रासायनिक वास यायला लागला तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "मनीषा, आता मी म्हणू का गं?"

"काय, बाई?"

"तोच आपला शब्द."

मला किती आनंद झाला म्हणून सांगू! बाई पुन्हा आमच्या जुन्या बाई झाल्या, चेष्टा करायला लागल्या, असं मला वाटलं. आणि मी त्यांचीच हुशार विद्यार्थिनी. मी हसत हसत म्हटलं, "अजून किती राहिलीत, बाई?"

त्यांनी डोकं उचलून माझ्याकडे पाहिलं. पुष्कळ वेळ. मग त्याही हसल्या. "हो की," म्हणाल्या. "बरोबर आहे तुझं. मीच शिकवलंय." आणि परत खांद्यावर डोकं ठेवलं.

त्यानंतर चार महिने बाई एका शब्दाने कुरकुरल्या नाहीत. त्या चार महिन्यांत त्यांना दोनदा शुद्ध हरपलेल्या अवस्थेत मशीनवरून काढलं. सुया लागेनात, हात काळानिळा झाला. मला वाटायचं, मी त्यांना बळ दिलं. ऑफिसात हा किस्सा मी कौतुकाने सांगितला. दोघीचौघींच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं.

मग एका मंगळवारी संध्याकाळी वैशालीचा फोन आला. "मनीषा, आई कालही गेली नाही, उद्याही जाणार नाही म्हणते. डॉक्टरांशी बोलले मी. ते म्हणाले, थांबवलं तर आठवडा, फार तर दोन. त्रास होऊ नये म्हणून औषधं देतील. पण निर्णय तिचा. तू जा तिच्याकडे. तुझं ऐकते ती. चार महिन्यांपूर्वीही ती थांबवायचंच म्हणत होती, मला माहितेय. पण म्हणाली, मनीषाला विचारलं, ती नाही म्हणाली. तेव्हा तूच वाचवलंस तिला. मला आई पाहिजे गं. नुसती असली तरी पाहिजे."

फोन ठेवल्यावर मी खुर्चीत बसून राहिले. बाईंनी मला विचारलं होतं. खरोखर विचारलं होतं. आयुष्यभर त्यांनी जो नियम पाळला तो मोडायची परवानगी त्यांनी रिक्षात माझ्याकडे मागितली, आणि मी त्यांना पुस्तकं मोजायला लावली. चाळीस राहिलीत म्हणता येईल, असं ते काम नव्हतंच. रोज एक पुस्तक वाळवावं आणि रात्रीत पुराने ते पुन्हा भिजवावं, असं होतं ते. आणि त्या, माझ्या शब्दाखातर, आणखी चार महिने कागद बदलत बसल्या.

बुधवारी सकाळी रजा टाकून मी बिरवाडीला गेले. चाळीसमोर इक्बालभाई रिक्षा लावून उभे होते. बाई ओट्यावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. चेहरा सुजलेला, पण केस नीट विंचरलेले.

"वैशूने पाठवलं ना?"

"हो."

"काय म्हणायला?"

"चला, म्हणायला."

"मग म्हण."

मला म्हणवेना. मी त्यांच्याजवळ खाली बसले. म्हटलं, "बाई, त्या दिवशी रिक्षात मी चुकले. मला कळलंच नाही तुम्ही काय विचारताय ते."

त्या समोरच्या रस्त्याकडे बघत होत्या. "चूक कसली? मीही तसंच धरून बसले होते. वाटायचं, संपेल कधीतरी, मग म्हणू. पण हे मीच संपवल्याशिवाय संपत नाही गं."

"मग म्हणा, बाई. आत्ता म्हणा. मी ऐकते."

मला वाटलं होतं, त्या पूर्वीसारखा पदर खोचतील. तेवढं बळ कुठलं. त्यांनी माझा हात धरला आणि अगदी बारीक आवाजात, पाचाडच्या वाडीतल्या पोरीसारखं, म्हणाल्या, "कंटाळा आला गो मला. लय कंटाळा आला."

रागाशिवाय ती भाषा मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकली.

मी पायऱ्या उतरून रिक्षापाशी गेले. इक्बालभाईंनी चावीला हात घातला होता. मी मान हलवली. त्यांनी विचारलं, "शनिवारी येऊ?" मी म्हटलं, "नको, भाई." ते काही क्षण हँडल धरून बसले. मग उतरले, मागच्या सीटवरची छोटी उशी काढली आणि माझ्या हातात दिली. "मॅडमची आहे. खड्ड्यात पाठीला लागायचं, म्हणून ठेवली होती." त्यांनी रिक्षा चालू केली नाही. वळणापर्यंत हाताने ढकलत नेली.

वैशालीला मी फोन करून बाईंचे शब्द जसेच्या तसे सांगितले. ती म्हणाली, "निघते मी." ती त्याच रात्री आली आणि शेवटपर्यंत आईपाशी राहिली. त्यानंतर बाई नऊ दिवस होत्या. मी रविवारी गेले तेव्हा त्या गाढ झोपेत होत्या, हाक मारली तरी पापणी हलली नाही. वैशाली माझ्यावर रागावली नाही. मी बरोबर केलं का, हे मला आजही सांगता येत नाही. एवढंच सांगता येतं की पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी ऐकलं नाही, दुसऱ्यांदा ऐकलं.

त्या बुधवारी दुपारपर्यंत मी बाईंपाशी होते. एरवी मशीनवर गेले असते ते चार तास आम्ही ओट्यावर काढले. त्यांनी लिंबाचं सरबत मागितलं आणि पेलाभर, न मोजता, प्यायल्या. मी त्यांच्या डोक्याला तेल लावलं. मध्येच त्यांनी डावा हात माझ्या कानाशी आणला, ती जाड केलेली शीर जिथे आहे तिथे. "ऐक." मी कान लावला. आत घुमत होतं, एकसारखं, जसं ओढ्याचं पाणी दगडाखालून जावं तसं. तीन वर्षं मी तो हात पाहत होते, त्याला आवाज असतो हे मला माहीत नव्हतं.

"कुशीवर झोपलं की ऐकू येतं," बाई म्हणाल्या. "सोमवार, बुधवार, शनिवार सोडून. त्या दिवशी वर पट्टी असते."

तीनच्या सुमाराला वैशालीचा, एसटीने कल्याण सोडल्याचा फोन आला, शेजारणीने चहा दिला आणि बाईंनी मला जायला सांगितलं. इक्बालभाईंची उशी मी त्यांच्या मानेखाली दिली. रस्त्यापर्यंत जाऊन मागे पाहिलं. बाई ओट्यावर चटई टाकून डाव्या कुशीवर निजल्या होत्या, पट्टी नसलेला हात कानाखाली घेऊन. डोळे मिटलेले. शेजारीण बशी न्यायला आली आणि काहीतरी विचारायला वाकली, तेव्हा बाईंनी डोळे न उघडता उजव्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं. ती बशी हातात धरून तशीच उभी राहिली.